खाडीचा चिखल आणि माणसाची पावले

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न दारात उभे असताना, खाडीच्या चिखलावर माणसांनी किती व कोठे चालावे या विषयासाठी अभ्यासवर्गाचा तास खर्ची घालावा काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. चिखल ही काही प्रतिष्ठेची वस्तू नव्हे. राजकारणाच्या भाषेत तर चिखलाचा उपयोग फेकण्यापुरताच होतो. तथापि हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. सार्वजनिक जागा कोणाची, तिचे नियम कोणी करावयाचे आणि त्या नियमांचा भार कोणाच्या खांद्यावर पडावयाचा, हे चळवळीचे तीन जुने प्रश्न या चिखलात रुतलेले आहेत. म्हणून त्याचा विचार शांतपणे आणि मुळापासून केला पाहिजे.

उदाहरण म्हणून ठाण्याची खाडी घेता येईल. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी. तिच्या एका काठाला मुंबई, दुसऱ्या काठाला नवी मुंबई. ट्रॉम्बे, माहूल, दिवाळे, घणसोली, ऐरोली येथील कोळीवाडे या दोन्ही शहरांपेक्षा जुने आहेत. काठांवर तिवरांचे रान आणि त्यापलीकडे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची विस्तीर्ण मैदाने. १९९० नंतरच्या दशकापासून येथे फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. पावसाळा संपल्यावर ते येतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर जातात. अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या लाखाच्या वर मोजली गेली आहे. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ऐरोली आणि वाशी येथील पुलांच्या दरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र राज्य सरकारने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचे क्षेत्र आहे. २०२२ साली या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. नवी मुंबईच्या महानगरपालिकेने तर शहराला 'फ्लेमिंगो सिटी' असे बिरुद लावून घेतले.

जेथे कीर्ती जाते तेथे गर्दी जाते. शिवडीच्या बंदराजवळ, नेरुळच्या पाणथळींच्या कडेने, सुटीच्या दिवशी माणसे येतात. कोणी मुलाबाळांना घेऊन येतो, कोणी भारी कॅमेरा घेऊन. बहुतेक जण काठावर थांबतात. काही जण बांध उतरून चिखलात शिरतात, कारण पक्षी थोडे दूर असतात आणि छायाचित्र जवळून हवे असते. कोणी तिवरांच्या मुळांमधून वाट काढतो, कोणी सोबत कुत्रा आणतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की शिवडी काय किंवा नेरुळ काय, जेथे सामान्य माणूस पायी पोहोचतो ती ठिकाणे अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. जेथे कायद्याचा फलक आहे तेथे पावले कमी आणि जेथे पावले अधिक तेथे फलक नाही, अशी ही रचना आहे.

या माणसांत कोणी दुष्ट नाही, हे प्रथमच सांगून टाकले पाहिजे. ज्या शहरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, ज्या शहरातील मैदाने एकामागून एक गिळली गेली, तेथील कामगार रविवारी बायकामुलांना घेऊन मोकळे आकाश पाहावयास गेला, तर त्याच्यावर डोळे वटारण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे? निसर्गाची ओढ ही श्रीमंतांची मिरास नव्हे. प्रश्न त्या माणसाच्या हेतूचा नाही. प्रश्न त्याच्या पायाखाली काय आहे, याचा आहे.

खाडीचा चिखल हा मेलेला गाळ नव्हे. त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म शैवालांचा एक तपकिरी, निसरडा थर असतो. उन्हात तो अन्न तयार करतो आणि आपल्या चिकट स्रावाने गाळाचे बारीक कण एकमेकांना बांधून ठेवतो. लहान रोहित आपल्या वाकड्या चोचीने गाळून खातो ते मुख्यतः असे सूक्ष्म शैवालच. या थराखाली काही मिलिमीटर गेले की प्राणवायू संपतो. तेथून खाली काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ लागतो. अशा गाळात झाडाने जगावयाचे कसे? तिवराने त्याला तोड काढली आहे. त्याची मुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी आपल्या बारीक छिद्रांतून हवा आत घेतात. झाडाचा श्वासोच्छ्वास या बोटभर उंचीच्या मुळांवर चालतो. दुसरी व्यवस्था खेकड्यांची. एक नांगी मोठी असलेले ते लहान खेकडे चिखलात हजारो बिळे करतात, आणि त्या बिळांवाटे पाणी व हवा खोलवर पोहोचते. शेतात जे काम गांडूळ करते, जवळजवळ तेच काम खाडीत खेकडा करतो.

आता या चिखलावर माणसाचे पाऊल पडते. सत्तर किलो वजन दोन तळव्यांवर येते. शैवालाचा थर फाटतो आणि त्याने बांधून ठेवलेला गाळ पुढच्या भरतीला सुटून जातो. श्वसनमुळे मोडतात. बिळे दबतात. गाळ घट्ट होतो आणि त्यातून हवा फिरेनाशी होते. पावसाळ्यात तिवराचे बी चिखलात पडून रुजते. पाऊल नेमके त्या चार पानांच्या रोपावर पडले, तर पुढच्या दहा वर्षांचे झाड तेथेच संपते. एका पावलाने एवढे होते, आणि पावले एकामागे एक त्याच ओळीने पडू लागली की चिखलात खोलगट वाट तयार होते. रानातील पायवाट नुसती पायवाट राहते. चिखलातील वाट मात्र ओहोटीच्या पाण्याचा ओहोळ बनते. पाणी त्या मार्गाने धावते आणि कडा कातरत जाते. माणसे येण्याचे थांबले तरी पाण्याचे काम चालूच राहते.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नुकसान हे पावलांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. न तुडवलेल्या जागी पहिल्या थोड्या फेऱ्यांतच मोठी हानी होऊन जाते. त्यानंतर शंभर माणसे अधिक गेली तरी तेथे मोडण्यासारखे फारसे उरलेले नसते. यातून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे. गर्दी पांगवावी, माणसांनी सगळीकडे थोडे थोडे फिरावे, हा उपाय नव्हे. तो अपाय आहे. शंभर माणसांनी एका पक्क्या वाटेने जाणे हे दहा माणसांनी दहा नव्या वाटा पाडण्यापेक्षा शतपटीने बरे. म्हणजे प्रश्न 'किती माणसे' एवढाच नाही. 'कोठून' आणि 'केव्हा' हे त्याहून महत्त्वाचे आहे.

'केव्हा' याचे उत्तर पक्ष्यांकडून मिळते. रोहिताचे घड्याळ भरतीओहोटीचे आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेवढे काही तास त्याच्या जेवणाचे. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना बांधापलीकडच्या उथळ तळ्यांत विसाव्याला जावे लागते. जेवणाच्या वेळी कोणी जवळ गेले तर थवा उडतो, आणि उडण्यात शक्तीही जाते व वेळही जातो. विसाव्याच्या तळ्यावरून उठवले तर जावयाचे कोठे? शहराने अशी तळी फारच थोडी शिल्लक ठेवली आहेत. ज्याला पगाराच्या वेळेत कापणी आणि विश्रांतीच्या वेळेत हुसकावणी सोसावी लागते, त्या कामगाराची अवस्था सांगावयास नको. हजार पक्षी एकाच वेळी आकाशात उडताना पाहणे डोळ्यांना सुखद वाटते. तो देखावा म्हणजे हजार पक्ष्यांची मोडलेली पंगत असते.

येथवर निसर्गशास्त्र झाले. खरी कसोटी यापुढे आहे.

'येथे पाय ठेवू नये' हे वाक्य महाराष्ट्रात निरागस नाही. पाण्याच्या काठी कोणी जावे आणि कोणी जाऊ नये यावर या भूमीत शतकानुशतके नियम होते, आणि ते नियम जातीने लिहिले होते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा सार्वजनिक पाणवठ्याच्या काठी पाऊल ठेवण्याचा हक्कच त्यांनी बजावला. विटाळाच्या नावाने उभी असलेली बंदी त्या दिवशी मोडली. म्हणूनच शुद्धतेच्या, मग ती निसर्गाची शुद्धता का असेना, नावाने कोठे कुंपण उभे राहू लागले की चळवळीच्या माणसाचे कान टवकारले गेले पाहिजेत. कुंपणाच्या आत कोण राहिला आणि बाहेर कोण गेला, हे पाहणे त्याचे कर्तव्य आहे.

खाडीच्या बाबतीत हे पाहावयाचे तर दोन प्रकारची पावले निरनिराळी ओळखावी लागतात. एक पाऊल पाहावयास येणाऱ्याचे. दुसरे पाऊल पोटासाठी उतरणाऱ्याचे. ओहोटी लागली की कोळीवाड्यातील बाया टोपली घेऊन खाडीत उतरतात, खडकांवरची कालवे फोडतात, चिखलातून शिंपल्या गोळा करतात. चिंबोरी आणि निवटी कोठे सापडतील हे त्यांना पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. कोठे चिखल पाय धरील आणि कोठे गुडघाभर रुतवील, भरती कधी वळेल, कोणत्या महिन्यात काय उचलू नये, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत आणि त्या थोड्या आहेत. मुख्य म्हणजे उद्याचा चिखल शाबूत राहणे ही त्यांची गरज आहे. पाहावयास येणाऱ्याचे तसे नाही. तो परत आला नाही तरी त्याचे काही अडत नाही.

याचा अर्थ कोळी समाजाला निसर्गाचा पुजारी म्हणून मखरात बसवावे, असा नव्हे. तो शहरी भाबडेपणा झाला. रसायनांनी आणि सांडपाण्याने मासळी कमी झाली की उरलेल्या मासळीवर बारीक जाळे पडते. गरिबी माणसाला उद्याचे बी आजच खावयास लावते. कष्टकऱ्याची पावलेही कधी जड होतात. पण त्या पावलांना नियम लावावयाचा तर तो त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या पोटाची सोय पाहून लावला पाहिजे. रविवारच्या सहलीला जो नियम लागतो तोच रोजच्या भाकरीला लावणे हा समतेचा देखावा आहे, समता नव्हे.

कायद्यातही हा भेद अगदीच अपरिचित नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात प्रवेशाला परवानगी लागते. पण त्याच कायद्यानुसार अभयारण्याच्या हद्दीतील पूर्वीचे हक्क चालू ठेवण्याची मुभा मुख्य वन्यजीव रक्षकाशी सल्लामसलत करून जिल्हाधिकारी देऊ शकतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्काचा उल्लेख आहे. कायद्याच्या पुस्तकात दार आहे. ते उघडून घेण्यासाठी कोळीवाड्यातून अर्ज, पुरावे आणि पाठपुरावा व्हावा लागतो, आणि ते काम कार्यकर्त्याचे आहे.

सरकारी रीत मात्र वेगळी असते. प्रथम नकाशावर रेषा ओढावयाची, मग राजपत्रात छापावयाचे, आणि लोकांना शेवटी कळवावयाचे. मालवणचे उदाहरण डोळ्यासमोर आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. ज्यांच्या होड्या त्या पाण्यावर रोज चालत होत्या त्यांना विश्वासात घेतले गेले नाही. परिणाम असा झाला की मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षे धुमसत राहिला आणि अभयारण्य बव्हंशी कागदावरच राहिले. लोकांना वगळून केलेले संरक्षण हे लोकांनाही लाभत नाही आणि समुद्रालाही लाभत नाही.

ठाण्याच्या खाडीकाठचा इतिहास तर याहून कडू आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची भूमी संपादित करण्याचे काम सुरू झाले. भातशेती गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या गावांतील शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. 'सार्वजनिक हितासाठी' या शब्दांची किंमत या लोकांनी एकदा रक्ताने चुकवली आहे. आज त्यांच्याच नातवंडांना कोणी येऊन 'सार्वजनिक हितासाठी खाडीत उतरू नका' असे सांगू लागला, तर त्यांनी संशयाने पाहिले यात नवल ते काय? आज कुंपण पक्ष्यांसाठी, उद्या ते कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न अनुभवातून आलेला आहे.

शिवाय न्याय एकाच मापाने होत नाही, हेही ते पाहतात. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभरातील खारफुटीची तोड थांबवणारा आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तिच्या रक्षणाची जबाबदारी शासनावर पुन्हा ठामपणे टाकली. हे दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. पण त्याच व्यवस्थेत डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी मिळाली. शिवडीच्या चिखलावरून निघणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि दोन्ही काठांवरील नगरपालिका यांचे पाणी या खाडीत किती दशके उतरले, हे सर्वांना ठाऊक आहे. देवनारचा कचऱ्याचा डोंगर खाडीच्या काठावरच वाढला. भरावाखाली चिखल कायमचा जातो, तेथे पावलांनी मोडलेल्या मुळांची मोजदाद काय करावयाची, असा युक्तिवाद यातून केला जातो.

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. मोठा अपराधी मोकाट असताना लहानाला धरणे अन्याय्य आहे, हे निर्विवाद. पण मोठ्याचा अपराध हा लहानाचा परवाना होऊ शकत नाही. चळवळीने जर 'आधी कारखानदाराला धरा, मगच बोला' एवढेच म्हणावयाचे ठरवले, तर कारखानदारही धरला जात नाही आणि चिखलही वाचत नाही. उलट पुढेमागे तुडवून, उजाड होऊन पडलेला चिखल पाहून भराव घालणारा म्हणू शकतो, 'येथे राहिलेच आहे काय? पक्षी नाहीत, झाड नाही. ही पडीक जागा आहे.' तुडवलेला काठ हा भरावाचा पहिला साक्षीदार होतो. पावलांचा प्रश्न आणि भरावाचा प्रश्न असे हे एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्याला भराव थांबवावयाचा आहे त्याने काठ जिवंत ठेवला पाहिजे.

चालण्याचा हक्क आणि भूमीचे रक्षण यांचा हा तिढा केवळ येथलाच नाही. इंग्लंडमधील कामगार चळवळीला तो पडला होता, आणि तिने तो सोडवला कसा हे पाहण्याजोगे आहे. मँचेस्टरच्या जवळ किंडर स्काउट नावाचे पठार आहे. तेथील माळ जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवला होता आणि सामान्यांना तेथे मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी आसपासच्या गिरणीशहरांतील काहीशे तरुण कामगार ही बंदी मोडून त्या पठारावर चालत गेले. त्यांच्यापैकी पाच जणांना कारावास झाला. पण त्यातून जनमत तयार झाले. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा हक्क यांविषयीचा कायदा झाला, आणि १९६५ साली त्याच पठारावरून जाणारी शेकडो किलोमीटरची 'पेनाइन वे' ही पायवाट सर्वांसाठी खुली झाली. हक्क मिळाला.

मग पावले आली. त्या पठाराची भूमी पाणथळ आहे. कुजलेल्या वनस्पतींचा ओला, काळा, मऊ थर तेथे हजारो वर्षांत साठलेला आहे. तो बुटांखाली फाटू लागला. चिखल चुकवावयास माणसे कडेने जाऊ लागली आणि वाट रुंदावत रुंदावत कित्येक ठिकाणी काळ्या दलदलीचा पट्टा झाली. ज्यांनी तुरुंग भोगून हक्क मिळवला त्यांच्याच वारसांच्या पावलांनी ती भूमी झिजू लागली. आता वाट बंद करावी, असे म्हणणारे तेथेही होते. पण वाट बंद झाली नाही. तिच्यावर मोठमोठ्या दगडी फरश्या अंथरण्यात आल्या, आणि त्यांतील पुष्कळशा फरश्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जुन्या जमिनीतून काढलेल्या होत्या. ज्या दगडांवर उभे राहून कामगारांनी पिढ्यान्पिढ्या माग चालवले, त्याच दगडांवरून आज त्यांची नातवंडे पठार न तुडवता चालतात, आणि कडेची उघडी पडलेली भूमी पुन्हा हिरवी होऊ लागली. गिरणगावाच्या भूमीवर मनोरे उभे राहिलेले पाहणाऱ्या मुंबईकराला यातील फरक वेगळा समजावून सांगावयास नको.

या कथेचा बोध स्पष्ट आहे. हक्क आणि शिस्त हे एकमेकांचे वैरी नाहीत. हक्क जिंकल्यावर शिस्त लावण्याचे काम जिंकणाऱ्यांनीच अंगावर घेतले पाहिजे. त्यांनी ते टाळले की मग ते काम जमीनदार तरी करतो किंवा तिकीटवाला तरी करतो.

तिकिटाचाही विचार येथे केला पाहिजे. ऐरोलीच्या केंद्रातून शासनाच्या कांदळवन कक्षातर्फे होडीतून रोहित दाखवण्याची सोय आहे. चिखलात पाय न घालता पक्षी दिसतात, हे उत्तम. पण होडीचे भाडे मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला सहज परवडणारे नसते. ज्याला परवडते तो होडीतून पाहतो आणि ज्याला परवडत नाही तो बांधावरून चिखलात उतरतो. त्यानंतर दोष मात्र दुसऱ्याच्या संस्कारांना दिला जातो. पैशाने गर्दी आवरणे सोपे असते. पण ती निवड पायांची नसते, खिशांची असते.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत याहून चांगला मार्ग सापडला आहे. तेथील स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया गेली काही वर्षे पाहुण्यांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. झाडांची ओळख त्या आपल्याच भाषेत करून देतात. पाहुण्याचे पाऊल चिखलाला लागत नाही, आणि मिळकत काठावरच्याच घरांत राहते. येथे पहारेकरी आणि वाटाड्या एकच आहे. युरोपात हॉलंडच्या किनाऱ्यावर वाडन समुद्राची चिखलमैदाने आहेत. ओहोटीत त्यांवरून चालत जाण्याची तेथे जुनी आवड आहे. तेथे सरसकट बंदी घातलेली नाही. परवाना असलेल्या वाटाड्याच्या मागून, ठरलेल्या वाटेने गट जातात. दोन्ही ठिकाणचे सूत्र एकच आहे. माणसाला दूर ठेवण्यापेक्षा त्याला वाट दाखवावी, आणि वाट दाखविण्याचा अधिकार जाणत्याकडे असावा.

ठाण्याच्या खाडीसाठी कार्यकर्त्यांनी काय मागावे आणि काय करावे, याचा आराखडा यातून तयार होतो. शिवडी, नेरुळ अशा जेथे माणसे येतातच त्या ठिकाणी बांधाच्या कडेने पक्की, मर्यादित वाट आणि पाहण्यासाठी उंच आडोसे असावेत. त्यांना तिकीट नसावे. ती सार्वजनिक बागेसारखी नगरपालिकेची जबाबदारी समजावी. बांधापलीकडे चिखलात पाहुण्यांनी उतरू नये हा नियम कॅमेऱ्याच्या किमतीकडे न पाहता सर्वांना लागू व्हावा. भरतीच्या वेळी पक्षी ज्या तळ्यांवर विसावतात तेथे माणसांनी अंतर राखावे. त्या तळ्यांत भरतीचे पाणी येण्याचे मार्ग मोकळे राहतात की नाही, यावर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरुळच्या तळ्यावर रोहित मेले, तेव्हा पाण्याची वाट अडल्याचाच प्रश्न ऐरणीवर आला होता. कोळीवाड्यांच्या वहिवाटीच्या वाटा नकाशावर नोंदवून त्यांचे हक्क लेखी मान्य करून घ्यावेत. वाटाडे आणि राखणदार नेमावयाचे ते या वाड्यांतूनच नेमावेत, आणि त्यांना कंत्राटी तुटपुंज्या मानधनावर न राबवता योग्य वेतन द्यावे. नियम कोठे कडक करावयाचे आणि कोठे सैल, हे ठरवणाऱ्या समितीत वनखात्याच्या अधिकाऱ्याइतकाच अधिकार कोळीणीच्या शब्दाला असावा.

आणखी एक गोष्ट, जी बोलावयास थोडी अवघड आहे. श्रमदान ही चळवळीची आवडती परंपरा. खाडीच्या स्वच्छतेसाठी शंभर-दोनशे तरुण उत्साहाने कांदळवनात उतरतात आणि पोतीच्या पोती प्लास्टिक बाहेर काढतात. हेतू निर्मळ असतो, छायाचित्रेही चांगली येतात. पण दोनशे तरुणांचे चारशे पाय त्या सकाळी किती श्वसनमुळे मोडून गेले आणि किती रोपे गाडून गेले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. प्लास्टिक पुढच्या भरतीला परत येते. मोडलेले मूळ परत येत नाही. म्हणून श्रमदान करावे, जरूर करावे, पण ते काठावर, नाल्यांच्या तोंडाशी, जेथून कचरा खाडीत शिरतो तेथे करावे. आत जाणे भागच असेल तर थोड्यांनी, एका रांगेत आणि वाट जाणणाऱ्या स्थानिकाच्या मागून जावे. इतरांच्या पावलांचा हिशेब मागणाऱ्याने प्रथम स्वतःची पावले मोजली पाहिजेत.

साथींनो, चिखलावर उमटलेले पाऊल भरती येताच दिसेनासे होते. म्हणून वाटते की काही झालेच नाही. त्याखाली मोडलेले मूळ आणि बुजलेले बीळ मात्र पाण्याने भरून निघत नाही. या खाडीवर ज्यांचे पोट आहे त्यांना ते पुढच्या हंगामात टोपलीत दिसते. त्या टोपलीकडे पाहून जो नियम केला जाईल तो लोक स्वतः पाळतील आणि इतरांना पाळावयास लावतील. तो करून घेण्याचे काम राजपत्राची वाट पाहत थांबणारे नाही. ऐरोली, दिवाळे, ट्रॉम्बे येथील कोळीवाड्यांत जाऊन, तेथील बायांना सोबत घेऊन, त्यांच्या वहिवाटीच्या वाटांचा नकाशा काढावयास बसणे, हे पहिले पाऊल. ते मात्र खुशाल टाकावे.